शेजारची शाळा की विशेष शाळा? गुरुवारी मीटिंग आहे, काय बोलू?

नदीकाठची | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं लोणची आणि पावसाच्या धाग्यांवर सापडते, आज वेगळं विचारायचंय.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, पट ४८. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे (लेक दुसरीत आहे आणि पालकसभेला मी वेळेवर पोचले होते, एवढीच पात्रता). लेकीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला इथं बाळू म्हणू. स्वमग्न (ऑटिझम) आहे. तालुक्याला तपासणी झालीय, सर्टिफिकेट आहे. बोलतो थोडं, तेही बहुतेक आपणच विचारलेलं परत. एसटीची पाटी मात्र लांबून वाचतो.

जेवणाच्या सुट्टीत तो कान दाबून ओरडतो. गेल्या महिन्यात एका मुलीच्या हाताला चावला. रक्त नाही आलं, पण दात उमटले. तिच्या वडिलांनी अर्ज दिलाय की याला विशेष शाळेत पाठवा. खाली ११ सह्या. गुरुवारी मीटिंग.

परवा पारावर हेच बोलणं चाललेलं, तर एक जण म्हणाले, "तिकडं लढायांत शाळाच्या शाळा उडवतायत, पोरं उघड्यावर पडलीत, आणि तुम्ही एका पोरासाठी मीटिंगा घ्या." मला तिथं उत्तर सुचलं नाही. रात्री मोबाइलवर युक्रेनमधल्या खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनात भरलेल्या वर्गाचा फोटो दिसला. जमिनीखाली बाकं मांडून पोरं बसलेली. माझ्या मनात पहिलं हेच आलं की आमचा बाळू त्या भुयारात कसा बसला असता? तिथंही बाळू असतीलच की. त्यांचं काय करतात?

तर मीटिंगमध्ये काय बोलू, आणि त्या पारावरच्या काकांना काय सांगू, दोन्ही सांगा.

भडंग | रविवार, रात्री ९.५२

आमच्या वर्गात ६० पोरं होती आणि मास्तर शिकवायला लागले की सगळीच स्वमग्न व्हायची. हलकं घ्या.

वाचतोय.

द्राक्षवाला | रविवार, रात्री १०.१५

ताई, मी तासगावचा. वाईट वाटेल पण लिहितो. दात ज्या पोरीच्या हातावर उमटले तिच्या बापाच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती. दोन शिक्षक, चार वर्ग. म्हणजे एक गुरुजी एका वेळी दोन वर्ग सांभाळणार, त्यात खिचडीचा हिशेब, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. ते बाळूकडं बघणार कधी? आणि बाकी ४७ पोरांनी काय पाप केलंय? विशेष शाळेत शिकलेली माणसं असतात, साधनं असतात. तिथं त्याचंच भलं आहे. हे बोललं की लगेच माणूस दुष्ट ठरतो, म्हणून कुणी बोलत नाही, नुसत्या सह्या करतात.

वेलदोडा | रविवार, रात्री १०.२१

+१ द्राक्षवाला. कटू पण खरं.

फिरती | रविवार, रात्री ११.०५

मी समावेशित शिक्षणात (दिव्यांग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवायचं ते) विशेष शिक्षिका आहे, करारावर. आम्हाला फिरते शिक्षक म्हणतात ते अगदी खरं आहे. माझ्याकडे २३ शाळा, एक स्कूटर आणि डिकीत रंगीत ठोकळ्यांची पिशवी.

आधी कायद्याचं सांगते, कारण मीटिंगमध्ये तेच आधी निघेल. समितीला बाळूला काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसरं, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, आणि ते शेजारच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची आणि घरच्यांची. शेजाऱ्यांची नाही, ११ सह्यांची तर नाहीच. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हतीच. आता २१ आहेत.

पण ताई, नुसता कायदा वाचून दाखवलात तर लोक गप्प बसतील आणि उद्यापासून आपल्या पोरांना बाळूपासून लांब बसवतील. म्हणून मला दुसरंच विचारायचंय. चावण्याच्या आधी काय झालं होतं? सुट्टीतच का ओरडतो, परिपाठाला का नाही? चार दिवस वही करा. किती वाजता, कुठं, आधी काय घडलं, नंतर कोण काय म्हणालं. मूल कारणाशिवाय चावत नाही. कारण आपल्याला दिसत नाही, इतकंच.

चिकित्सक | सोमवार, सकाळी ८.३०

फिरतीताई, कायदा उत्तम आहे. माझा आक्षेप अंमलबजावणीवर आहे.

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका गावी ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मिळून जाहीर केलं की सर्व मुलं एका शाळेत. २००६ साली संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार झाला, २००७ साली भारतानं तो मान्य केला. कागदावर आपण जगाच्या मागे नाही. पण इटलीनं १९७७ साली कायदा करून विशेष वर्ग बंद केले तेव्हा वर्गात आधाराचे जादा शिक्षकही दिले. आपण मूल आधी आत घेतलं आणि शिक्षक नंतर बघू म्हटलं. आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली प्रमाण सांगितलं की प्राथमिकला दर १० विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांना १५ मागे एक. एका बाईंकडे २३ शाळा, हे त्या प्रमाणात कसं बसतं कुणी सांगावं.

आधाराशिवाय सामावून घेणं म्हणजे मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवणं. त्यापेक्षा चांगली विशेष शाळा बरी, असं माझं मत.

कंदीपेढा | सोमवार, सकाळी १०.४०

मी जन्मापासून बहिरा आहे. वय ४४, राहतो साताऱ्यात. (लिहिताना ऐकू यावं लागत नाही, म्हणून मला हे ठिकाण आवडतं.)

मला आधी गावच्या शाळेत घातलं होतं. दोन वर्षं पहिल्या बाकावर बसून गुरुजींचे ओठ बघितले. सगळे हसले की हसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं. तिसऱ्या वर्षी निवासी मूकबधिर शाळेत गेलो. तिथंही वर्गात हातवारे केले की हातावर पट्टी बसायची, बोलायचाच सराव करा म्हणायचे. पण रात्री वसतिगृहात दिवे गेल्यावर मोठी मुलं बॅटरी लावून खुणांनी गप्पा मारायची. मला भाषा मिळाली ती त्या बॅटरीच्या उजेडात. नऊ वर्षांचा होतो. त्याआधी माझ्याकडे भाषाच नव्हती.

तेव्हा "सगळ्यांना एकाच शाळेत" असं सरसकट म्हटलं की मला भीती वाटते. बहिऱ्या मुलाला दुसरी बहिरी मुलं लागतात. खुणांच्या भाषेचा सरकारी शब्दकोश २०१८ साली आला, ३००० शब्दांचा. पुढे तो १०,००० पर्यंत गेला. माझी शाळा त्याच्या कितीतरी आधी संपली होती. बाळूचं वेगळं असेल. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, पण धोरण करताना "दिव्यांग" हा एकच डबा असतो.

लढाईबद्दल विचारलंय म्हणून एक. २०१९ च्या पुरात मी सांगलीला बहिणीकडे होतो. आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं ते दिवस. रिक्षावर भोंगा लावून सांगत फिरत होते की घरं सोडा. मी वरच्या खोलीत झोपलेलो. बहीण मुलांना सोडायला गेलेली. शेजारच्या पोरानं गच्चीतून उतरून माझ्या खोलीचा दिवा चालू-बंद, चालू-बंद केला, तेव्हा जाग आली. बातम्यांत युद्धाचे भोंगे दाखवतात तेव्हा माझ्या डोक्यात तो दिवा येतो. त्या गावांतल्या बहिऱ्या मुलांचे दिवे कोण लावतं?

भडंग | सोमवार, सकाळी ११.०२

कंदीपेढा दादा, वरचा माझा विनोद मागे घेतो. खरंच सॉरी.

नदीकाठची | सोमवार, दुपारी १.१५

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

फिरतीताई, वही केली सुरू. चिकित्सक, द्राक्षवाला, तुमच्यावर राग नाही. गुरुजींचं म्हणणंही साधारण तेच आहे, फक्त ते चहा पिताना हळू आवाजात सांगतात.

गणेशदुर्ग | सोमवार, रात्री ८.५०

खारकीव्हचं मी सांगतो. आमचा थोरला तिथं एमबीबीएसला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिले काही दिवस मेट्रो स्टेशनातच काढले. मार्चमध्ये रेल्वेनं लिव्हिव, तिथून सीमा, मग विमान. तो घरी आला तेव्हा आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी लग्नाचे फटाके लागले आणि २२ वर्षांचा पोरगा डायनिंग टेबलाखाली गेला. बाहेर आल्यावर हसला, आम्हीही हसलो. पण तीन महिने त्याला पुस्तक उघडवत नव्हतं.

तो स्टेशनातलं एक सांगतो. शेजारच्या चादरीवर एक बाई आणि तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. मुलगा सारखा पुढे-मागे डुलायचा. सायरन, मुलांचं रडणं, माणसांची कलकल. आईनं त्याच्या डोक्यावरून कोट टाकून आत तंबू केला होता. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी रोज ठरल्या वेळी त्याला फलाटाच्या टोकापर्यंत चालवून आणायला लागली. तेवढ्यानं पोरगं शांत व्हायचं. वेळ चुकली की पुन्हा डुलणं. मग आमचा पोरगाच मोबाइलवर वेळ बघून म्हातारीला उठवायचा.

मेट्रोतले वर्ग २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाले. नंतर त्यांनी जमिनीखाली अख्खी शाळाच बांधली. नदीकाठचीताई, त्या काकांना सांगा की तिथल्या लोकांनी "आधी लढाई संपू दे, मग शाळा" असं म्हटलेलं नाही. बॉम्ब पडत असताना बाकं खाली नेली.

चिकित्सक | सोमवार, रात्री ९.३०

गणेशदुर्ग, फार चांगलं लिहिलंत. माझ्याच मताच्या विरोधात जाणारी एक गोष्ट आठवली, प्रामाणिकपणे टाकतो. युद्ध सुरू झालं तेव्हा युक्रेनमध्ये सुमारे एक लाख मुलं निवासी संस्था आणि वसतिगृहशाळांत होती आणि त्यातली निम्मी दिव्यांग, असं युनिसेफनं तेव्हाच सांगितलं होतं. सोव्हिएत काळापासूनची पद्धत, असं मूल असलं की संस्थेत द्या. युद्ध पेटल्यावर अनेकांना घाईघाईनं घरी धाडलं. म्हणजे ज्या घरांना त्या मुलाची सवय नाही, जिथल्या शेजाऱ्यांना तो आहे हेच ठाऊक नाही, तिथं. भोंगा झाला की कोणाला हाक मारायची हे शेजाऱ्यांना आधी माहीत असावं लागतं. कंदीपेढांच्या शेजारच्या पोराला माहीत होतं.

तरी शिक्षकांच्या संख्येवरचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६.१०

मी कोरेगाव तालुक्यातून निवृत्त झालो. नोकरी ३४ वर्षं.

आम्ही सातारकर दर वर्षी ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन करतो. १९०० साली त्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर आलं, क्रमांक १९१४. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. भाषणात आम्ही इथपर्यंतच सांगतो. पुढचं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: बसायला गोणपाट वेगळं, ते रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं, आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी. पटावर नाव होतं, वर्गात जागा नव्हती. पुढे १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायला बसवली. मला वाटतं त्यांना नेमकं ठाऊक होतं की शाळा जेवणाच्या पंगतीत सुरू होते. ताई, तुमचा बाळूही पंगतीच्याच वेळी ओरडतो, हे मला उगाच लक्षात राहिलं.

आता माझी चूक. १९९१-९२ ची गोष्ट. चौथीत एक मुलगी होती, एका पायानं अधू आणि हात थरथरायचे. मी तिला खूप जपायचो. कवायतीला नको, सहलीला नको, फळ्यावर लिहायला नको, "बस बाळ, तू बस." गुणही हात सैल सोडून द्यायचो. चांगला मास्तर म्हणून माझं नाव होतं. पंधरा वर्षांनी ती बाजारात भेटली, पोस्टात लागली होती. नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मला कधी एकदाही रागावला नाहीत हो." मी हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं की ती तक्रार होती.

भडंग | मंगळवार, सकाळी ७.२५

मास्तर, सकाळी सकाळी हे वाचून चहा गार झाला.

अवांतर: आमच्या वाडीच्या शाळेत रॅम्प आहे. पोरं घसरगुंडी म्हणून वापरतात, इतका खडा आहे. वर पोचलं की दाराला चार इंचाचा उंबरा. अनुदान खर्ची पडलं, फोटो निघाला.

कासपठार | मंगळवार, सकाळी ९.००

@भडंग, एक फूट उंचीला बारा फूट उतार, हा साधा हिशेब. गवंड्याला सांगितला की तो म्हणतो, "साहेब, मग रॅम्प गेटाबाहेर जाईल."

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. बांगलादेशात कॉक्स बझारला म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत एका संस्थेबरोबर १४ महिने होतो. २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांवर माणसं आली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. सगळं टेकड्यांवर. आपल्या कासच्या रस्त्याला लागणारे चढ घ्या, झाडं काढून टाका आणि त्यावर ताडपत्रीची घरं खेटून ठेवा. पक्कं बांधायला परवानगी नाही, त्यामुळे शाळाही बांबूच्या, त्यांना शाळा नव्हे तर शिक्षण केंद्र म्हणायचं. सुरुवातीची वर्षं बांगला शिकवायला मनाई होती आणि म्यानमारचा अभ्यासक्रम २०२१ च्या शेवटी कुठं सुरू झाला. जागा कमी म्हणून दोन-दोन, तीन-तीन तासांच्या पाळ्या.

आमच्या टाकीजवळच्या केंद्रात एक नऊ वर्षांचा मुलगा होता, कमरेखाली हालचाल नाही. व्हीलचेअर मिळाली होती, तिच्यात त्याची आजी पाण्याचे हंडे ठेवायची, कारण मातीच्या पायऱ्यांवर तिचा दुसरा उपयोग नव्हता. थोरला भाऊ त्याला पाठीवर घेऊन यायचा. मग तो एकाएकी यायचा बंद झाला. सगळे म्हणाले आजारी असेल. दोन आठवड्यांनी कळलं, नव्या यादीत दोघा भावांच्या पाळ्या वेगळ्या पडल्या होत्या. पाठच गेली. केंद्रावरच्या बाईंनी वहीत खोडून दोघांना एका पाळीत घातलं. खर्च शून्य. मी तिथं कोटींच्या प्रस्तावांत बसायचो, पण हे खोडलेलं नाव लक्षात राहिलंय.

आणि शौचालय. मुली गळतात त्या बहुतेक इथं. बसून उठायला एक आडवी दांडी लागते. एवढंच.

वळिवडेकर | मंगळवार, सकाळी ११.४५

लढाईतली मुलं म्हटल्यावर लोक लांब लांब जातायत, म्हणून थोडं जवळचं.

मिरज-कोल्हापूर रेल्वेवर वळिवडे स्टेशन लागतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४८, तिथं पोलंडच्या सुमारे ५००० निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं, तिथून सुटत सुटत इराणमार्गे इथं. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी वसाहतीत पहिल्यापासून स्वतःच्या भाषेतल्या शाळा चालवल्या, बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत. अशक्त, आजारी मुलांना हवापालटासाठी तुमच्या पाचगणीला ठेवायचे. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी लोक राहिले. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर हेच. माझी आजी सांगायची की पोलिश पोरं सकाळी ओळीनं गाणी म्हणत जायची, आणि आमच्या गावची निम्मी पोरं तेव्हा गुरांमागं होती.

पारावरच्या काकांना एवढंच विचारा, की देश गेलेल्या माणसांनी इथं आल्यावर आधी काय उभं केलं?

तिखटजाळ | मंगळवार, दुपारी १२.३०

पोलंडच्या मुलांचं कौतुक ठीक आहे. आज गाझात दरडोई हिशेबानं हातपाय कापावे लागलेली मुलं जगात सगळ्यात जास्त आहेत, असं संयुक्त राष्ट्रांनीच म्हटलंय. तिथली शाळा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद पडली. त्यावर बोलायला सगळ्यांची दातखीळ का बसते? याला जबाबदार कोण हेही लिहा की...

संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी १.०५

कोण जबाबदार यावर राजकारण विभागात तीन धागे चालू आहेत, ती चर्चा तिकडे न्यावी. मुलांच्या शिक्षणाबद्दलचं इथं जरूर लिहा. चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

तिखटजाळ | मंगळवार, दुपारी १.२०

बरं. मग शिक्षणाचंच. लढाईतली मुलं आणि दिव्यांग मुलं अशा दोन याद्या करतात. प्रत्यक्षात बॉम्ब पहिल्या यादीतल्या मुलाला एका रात्रीत दुसऱ्या यादीत टाकतो. काल धावणारा पोरगा आज कुबडीवर, आणि त्याला शिकवणाऱ्या बाईंनाही ते नवंच. जगात २४ कोटींच्या आसपास दिव्यांग मुलं आहेत आणि ती कधीच शाळेत न गेलेली असण्याची शक्यता इतरांपेक्षा ४९ टक्क्यांनी जास्त, हा युनिसेफचा २०२१ चा आकडा. नंतरच्या लढाया त्यात धरलेल्या नाहीत.

द्राक्षवाला | मंगळवार, रात्री ९.१०

सगळं वाचलं. कासपठार, ती पाठ गेल्याची गोष्ट बायकोला वाचून दाखवली.

पण माझा प्रश्न जिथल्या तिथं आहे. तुम्ही सगळे बाळूबद्दल लिहिताय. ज्या पोरीला तो चावला तिच्याबद्दल फिरतीताई सोडल्या तर एकानंही विचारलं नाही, आणि त्यांनीही "चावण्याच्या आधी काय झालं" इतकंच. ती शाळेत यायला घाबरते का? तिची कुणी समजूत काढली का? तिच्या बापानं सह्या गोळा केल्या कारण त्याला कुणी विचारलं नाही. सामावून घ्यायचं तर त्यालाही घ्या.

फिरती | मंगळवार, रात्री ९.४०

द्राक्षवाला, चूक मान्य. नदीकाठचीताई, मीटिंगच्या आधी त्यांच्या घरी जाऊन या. समितीच्या म्हणून नको, शेजारीण म्हणून जा.

नदीकाठची | गुरुवार, रात्री १०.३०

मीटिंग झाली नाही. गणपूर्ती नाही. ११ सह्यांपैकी ३ जण आले, बाकी ऊसतोडीवर नाहीतर लग्नाला. पुढची मीटिंग पुढच्या शनिवारी.

पण बुधवारी त्या मुलीच्या घरी गेले. ती घाबरत नाही, उलट माझ्या लेकीला म्हणाली होती की बाळूनं मुद्दाम नाही केलं, तो "भांड्यांना चावला आणि मध्ये माझा हात आला". तिचे वडील ओट्यावर बसलेले. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मला फक्त एवढंच हवं होतं की गुरुजींनी फोन करावा. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा कळलं." मी गेलेल्याबद्दल चहा झाला. अर्ज मागे घेतलेला नाही.

भांड्यांचं ऐकलं आणि वही काढली. चारही दिवस ओरडणं साडेबारा ते पाऊणच्या मध्ये. शुक्रवारी मी मुद्दाम जाऊन बसणार आहे.

नदीकाठची | रविवार, रात्री ८.१५ (पुढच्या आठवड्यात)

धागा वर काढतेय.

शुक्रवारी बसले. आमच्याकडे व्हरांड्याला शहाबादी फरशी, वर पत्रा. मुलं जेवली की ताटं लोखंडी घमेल्यात टाकतात. टाकतात म्हणजे लांबून फेकतात, नेम धरून. ४८ स्टीलची ताटं, लोखंडी घमेलं, वर पत्रा. माझ्याच दातांना झिणझिण्या आल्या. बाळूची जागा त्या घमेल्यापासून पाच हातांवर, कारण तो हळू जेवतो म्हणून मावशी त्याला आपल्याजवळ बसवतात. चांगल्या मनानंच. पहिलं ताट पडलं आणि त्यानं कान दाबले. दहावं पडेपर्यंत ओरडायला लागला. त्या दिवशी ती मुलगी त्याच्या पुढ्यातून हात घालून ताट टाकत होती.

कासपठारांच्या पाळीवरून सुचलं. बाळू आणि आणखी तिघं दहा मिनिटं आधी जेवतात, ते ताट ठेवून मागच्या लिंबाखाली जातात. घमेल्यात मावशींनी जुनं पोतं घातलंय. ताट ठेवायचं, फेकायचं नाही, असा नियम आहे, तो निम्मी मुलं पाळतात. आठ दिवसांत दोनदा ओरडला. एकदा पोतं धुवायला काढलं होतं, एकदा कारण कळलं नाही.

कालची मीटिंग झाली. कायद्याचं बोलले, पण सगळ्यात शेवटी. आधी वही वाचून दाखवली. त्या मुलीच्या वडिलांनी अर्ज मागे नाही घेतला, "दिवाळीपर्यंत बघू" असं लिहून घेतलं आणि चावलं-मारलं तर त्याच दिवशी फोन, हेही इतिवृत्तात घातलं. मला दोन्ही बरोबर वाटलं. बाळूची आई सबंध मीटिंगभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. गुरुजी म्हणाले, विशेष शिक्षकांची भेट महिन्यातून एकदा तरी पक्की करा, असा ठराव करू. चिकित्सक, तो तुमचा ठराव.

पारावरचे काकाही आले होते. त्यांना वळिवड्याचं विचारलं. म्हणाले, "माझा बा तिथं बराकी बांधायच्या कामावर होता." आणि मग अर्धा तास तेच बोलले. मुद्दा कुठं गेला देव जाणे.

भडंग | रविवार, रात्री ८.३०

निम्मी मुलं नियम पाळतात म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीपेक्षा पुढं आहात.

कंदीपेढा | रविवार, रात्री ८.५५

त्या मुलीचं वाक्य "मध्ये माझा हात आला". तिला माझ्यातर्फे एक पेढा द्या.

मास्तर_निवृत्त | सोमवार, सकाळी ६.०५

ताई, बाळूनं ताट फेकलं तर त्यालाही रागवा.

नदीकाठची | सोमवार, सकाळी ९.२०

होय मास्तर.

फिरतीताई, तुम्ही फोनवर म्हणालात ते चित्रांचं वेळापत्रक किती मोठं करायचं? आमच्याकडे वह्यांचे जुने पुठ्ठे आहेत आणि रेशनच्या खोक्यांचे.

फिरती | सोमवार, सकाळी ९.४५

खोक्यांचे घ्या, जाड असतात. एकेक चित्र तळहाताएवढं. परिपाठ, वाचन, जेवण, लिंबाखाली, घर, एवढी पाचच. चित्रं बाळूसमोर काढा आणि ती मुलगी काढत असेल तर तिला काढू दे. गुरुवारी मी त्या बाजूला आहे, साडेअकरापर्यंत पोचते. डिंक तेवढा आणून ठेवा, माझा संपलाय.